12 जानेवारीच्या निमित्ताने

दिनविशेषाच्या सदरात 12 जानेवारीला दोन नावे हमखास असतात. 1918 साली या दिवशी पुणतांब्याला संगीतकार सी. रामचंद्र जन्मले आणि 1992 साली याच दिवशी देवासला गायक कुमार गंधर्व गेले. ‘अलबेला’च्या ठेक्यावर भगवानदादांबरोबर सारा देश नाचला, तो ठेका सी. रामचंद्रांचा. कुमारजींचे गाणे तर क्षयाने काही वर्षे थांबवले होते. 1948 मध्ये ते देवासला आले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकत राहिले. पुढे त्याच धुनांमधून त्यांचे नवे राग उगम पावले. मला या तारखेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. त्या बायकांची नावे मात्र कुठल्याही दिनविशेषात नाहीत.

आपल्या राहनाळ-भिवंडीच्या पट्ट्यातल्या गाणाऱ्या बायकाही अशाच अनाम राहत आहेत. भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली, लग्नात डीजे आला, तरी आगरी घरांतल्या हळदीला आणि लग्नाला धवले म्हणणारी धवलारीण अजून कुठे कुठे आहे. तिचे गाणे तोंडी चालत आलेले. ती गेली की तिच्या चाली जातात.

म्हणून या वर्षी वाचकांकडे एक मागणे आहे. घरातल्या, शेजारच्या धवलारणीचे गाणे तिच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सोबत तिचे नाव, गाव, जन्मतारीख आणि ध्वनिमुद्रणाची तारीख लिहा. जन्मतारीख ठाऊक नसेल तर तिथी, सण, पावसाळा, जे आठवेल ते चालेल.