पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

महागावची (यवतमाळ जिल्ह्यातलं, हो तेच!) माझी मैत्रीण पुण्यात आयटीत आहे. पत्रिकेत २८ गुण जुळले, धूमधडाक्यात लग्न झालं. आता तिसऱ्या महिन्यात कळलं, नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक. स्वतः एकदम ठणठणीत, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. विदर्भात हा आजार जुनाच, आपण शहरात येऊन विसरतो इतकंच. दहाव्या आठवड्यानंतर वारेचा बारीकसा नमुना काढून गर्भाचा डीएनए तपासतात. गर्भपाताचा थोडा धोका असतोच. मुलगा की मुलगी, हे मात्र सांगत नाहीत. १९९४ चा कायदा आहे.

इकडे चुलतबहिणीसाठी स्थळं बघतायत. म्हटलं, "काकू, बायोडाटासोबत सिकलसेलचा रिपोर्टही मागा." काकू म्हणाल्या, "मुलाकडचे काय म्हणतील?"