जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं; जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते बहुधा नसतं. मग सोलापुरातले कितीतरी चालू कॉम्प्युटर भंगारात जाणार, नाहीतर क्रॅक केलेल्या विंडोजवर ढकलत राहणार. मला दोन्ही पटत नाही.

इंजिनिअरिंगपासून मी विंडोजवरच होतो. आता घरी लिनक्स मिंट वापरतो. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि २ जीबी रॅमवरही चालतं. ४ असेल तर उत्तम. सुरुवातीला गोंधळ उडतो. सी ड्राइव्ह दिसत नाही, सॉफ्टवेअर वेबसाइटवर शोधण्याऐवजी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं असतं. टॅली, फोटोशॉप सरळ चालत नाहीत, हेही खरं. पण पेनड्राइव्हवरून आधी वापरून बघता येतं, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. मराठी आणि उर्दू, दोन्ही कीबोर्ड त्यातच मिळतात.

केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. मग बेगम पेठेतल्या मुलानं किंवा मुलीनं कोडिंग शिकायला नव्या लॅपटॉपची वाट का बघावी? घरातला जुना कॉम्प्युटर पुसा आणि चालू करा.