दरीवरील तार आणि खरें धैर्य

अलीकडे शाळांच्या सहलींच्या बेतांत एका नव्या खेळाची भर पडली आहे. दरीच्या अगर नदीच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत पोलादी तार ताणलेली असते. तीवर कप्पी बसवितात, कप्पीस पट्ट्यांनीं बांधलेला मनुष्य सोडून देतात, आणि तो केवळ स्वतःच्या भारानें घसरत कांहीं क्षणांत पलीकडे जाऊन पोंचतो. यास झिपलाईन म्हणतात. आपल्याकडे कोलाडजवळ कुंडलिका नदीवर, उत्तरेकडे हृषीकेशास गंगेवर हा खेळ खेळावयास मिळतो. परदेशांत तर खोल दऱ्यांवरून अशा लांबच लांब तारा गेल्या आहेत. सहलीचें पत्रक घरीं गेलें, कीं त्याखालीं सही करावी कीं करूं नये, असा प्रश्न पालकांपुढें उभा राहतो, आणि त्यावरून एकाच घरांत दोन पक्ष पडतात.

एक पक्ष म्हणतो, हातींपायीं धड असलेलें मूल दोरास टांगून दरीवर सोडावयाचें, यांत शिक्षण तें कसलें? दुसरा पक्ष म्हणतो, आजकालचीं मुलें घरकोंबडीं झालीं आहेत; दिवसभर मोबाइलच्या पडद्यास डोळे लावून बसतात; त्यांच्या अंगीं धाडस यावयाचें तर अशाच मार्गानें येईल. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि आमच्या मतें दोघांचीही दृष्टि नको त्या ठिकाणीं खिळलेली आहे. दोघेही त्या अर्ध्या मिनिटाच्या घसरणीकडे पाहतात. तारेवरील प्रवासांत शिकण्याजोगें जें आहे, तें पुष्कळसें त्या अर्ध्या मिनिटाच्या आधीं व नंतर आहे. तें शिकविलें जात असेल तर मुलांस अवश्य पाठवावें, नसेल तर पाठवूं नये, असें आमचें मत आहे; व त्याचीं कारणें येथें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम इतिहास पाहूं. दरीवर तार टाकण्याची कल्पना करमणुकीसाठीं जन्मास आली नाहीं. अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवर नायगारा नदीची प्रसिद्ध दरी आहे. तीवर झुलता पूल बांधण्याचें काम चार्ल्स एलेट या इंजिनिअरानें अंगावर घेतलें. दरी सुमारें अडीचशें मीटर रुंद, कडे उभे, आणि खालीं खवळलेलें पाणी; पहिला दोर पलीकडे न्यावा कसा, हाच मोठा पेंच होता. तेव्हां, ज्या मुलाच्या पतंगाची दोरी दरीपलीकडे पोंचेल त्यास एलेटनें बक्षीस जाहीर केलें. इ. स. १८४८ च्या जानेवारींत होमन वॉल्श नांवाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें तें जिंकलें. पहिल्या खेपेस त्याची दोरी बर्फाच्या कडांस घासून तुटली. नदी बर्फानें भरल्यामुळें होड्या बंद पडल्या, आणि तो कांहीं दिवस परक्या तीरावरच अडकून राहिला. अखेर पतंग परत मिळवून, दुरुस्त करून, त्यानें पुन्हां उडविला व काम सिद्धीस नेलें. त्या बारीक दोरीस जाड दोरी, जाड दोरीस दोर, व दोरास तारेचा दोर बांधून ओढण्यांत आला. मार्च महिन्यांत त्या तारेस टांगलेल्या लोखंडी पाळण्यांत बसून दरी ओलांडणारा पहिला मनुष्य स्वतः एलेट होता. पुढें तेथेंच जॉन रोब्लिंग यानें बांधलेल्या झुलत्या पुलावरून १८५५ मध्यें आगगाडी धांवूं लागली, आणि तो पूल १८९७ पर्यंत वापरांत होता.

याच दरीवर ३० जून १८५९ रोजीं ब्लाँडिन नांवाचा फ्रेंच कसरतपटु ताणलेल्या दोरावरून चालत गेला, आणि त्याच उन्हाळ्यांत आपल्या व्यवस्थापकास पाठुंगळीस घेऊनही गेला. त्याच्या कौशल्यास कोणी नांवें ठेवणार नाहीं. तें वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें मिळविलेलें होतें. परंतु तो पलीकडे गेला, लोकांनीं टाळ्या वाजविल्या, आणि दरी होती तशीच राहिली. एलेट पलीकडे गेला तेव्हां त्याच्या मागोमाग पूल आला. दोघेही शूरच, पण एकाच्या शौर्यानें लोकांचे डोळे दिपले, दुसऱ्याच्या शौर्यानें लोकांची वाट झाली. आफ्रिकेंत झांबेझी नदीवर १९०५ सालीं पूल उभा राहिला, तेव्हां दरीवरून सामान वाहून नेण्यासाठीं जें तारयंत्र बसविलें होतें, त्यास इंजिनिअर लोक 'ब्लाँडिन' म्हणत. खेळाडूचें नांव अशा रीतीनें कामास लागलें, ही गोष्ट आम्हांस फार सुचक वाटते. आज नायगाऱ्याच्या कॅनडाकडील कड्यावर २०१६ मध्यें सुरू झालेली सुमारें ६७० मीटर लांबीची झिपलाईन आहे. तीवरून जाणाऱ्या किती जणांस पतंगवाल्या मुलाची आठवण होत असेल?

आतां दुसरें चित्र पाहा. आपल्या शेजारच्या नेपाळांतील डोंगराळ मुलखांत पूल नसलेल्या नद्या ओलांडण्यासाठीं लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या तारेचाच आश्रय केला. तारेस टांगलेल्या पाळण्यांत अगर नुसत्या फळीवर बसावयाचें आणि हातांनीं दोर ओढीत पलीकडे जावयाचें. यास तेथें 'तुईन' म्हणतात. डोक्यास टोप नाहीं, कमरेस पट्टा नाहीं, शेजारीं मार्गदर्शक नाहीं. शाळेस जाणारीं मुलें, बाजारास निघालेल्या बाया, आजारी माणसें, सर्वांची वाट तीच. कप्पींत सांपडून कित्येकांचीं बोटें तुटलीं. कित्येक नदींत पडून प्राणांस मुकले. २०१५ मध्यें तेथील सरकारनें तुईन काढून त्यांच्या जागीं झुलते पूल बांधण्याचा कार्यक्रम जाहीर केला, आणि तेव्हांपासून पुष्कळ ठिकाणीं पूल झाले आहेत. त्या मुलांस तारेवरून जाण्याची हौस नव्हती. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस जी मौज वाटते ती दुसऱ्या कोणाची रोजची भीति असूं शकते, हें कळणें हा तुमच्या सहलीचा पहिला धडा होय. तो धडा वर्गांत आधीं झाला पाहिजे.

दुसरा धडा शास्त्राचा. तीनशें मीटर रुंदीच्या दरीवर ताणलेल्या तारेच्या मधोमध ६० किलो वजनाचा मुलगा आला, व तेथें तार टोकांच्या पातळीपेक्षां १० मीटर खालीं वांकली, असें धरूं. तारेचा स्वतःचा भार हिशेबांत न घेतां देखील तींत उत्पन्न होणारा ताण सुमारें ४५० किलो भरतो. म्हणजे मुलाच्या वजनाच्या साडेसात पट. तीच तार अधिक ताणून वांक ५ मीटरच ठेवला, तर ताण ९०० किलो होतो. बलांचा समांतरभुज चौकोन ज्यास काढतां येतो, त्यानें हा हिशेब स्वतः करून पाहावा. तार जितकी ताठ तितकी ती बळकट, असा आपला समज असतो. पण गणित सांगतें कीं थोडें वांकणें हेंच तिच्या टिकण्याचें कारण आहे.

तारेच्या दोराची रचनाही अशीच पाहण्याजोगी आहे. जर्मनींतील हार्ट्‌झ पर्वतांतील खाणींचे अधिकारी विल्हेल्म आल्बेर्ट यांनीं १८३४ च्या सुमारास लोखंडी तारा एकत्र पिळून केलेला दोर प्रथम वापरांत आणला. पूर्वीं खाणींत साखळ्या वापरीत. एक कडी तुटली कीं सारी साखळी निकामी होई. पिळलेल्या दोरांत एखादी तार तुटली तरी बाकीच्या भार पेलतात. शिवाय तुटलेली तार दोर तपासणाऱ्यास वेळींच सांपडूं शकते. म्हणजे दोराची सुरक्षितता त्याच्या जाडीइतकीच त्याच्या तपासणीवर अवलंबून आहे. जो मार्गदर्शक रोज सकाळीं गिऱ्हाईक येण्यापूर्वीं तार, कप्प्या, पट्टे व थांबविण्याचें साधन पाहून घेतो, तोच या खेळांतील मुख्य मनुष्य होय. त्याचें काम कोणी छायाचित्रांत टिपीत नाहीं.

येथें धैर्याचा प्रश्न येतो. पट्टे नीट आवळलेले, टोप डोक्यावर, पलीकडे दुसरा मार्गदर्शक उभा, अशा स्थितींत पाय सोडून देण्यास जें लागतें त्यास आम्ही धैर्य न म्हणतां विश्वास म्हणूं. तो विश्वास योग्य माणसावर व योग्य साधनावर ठेवणें, हा मात्र विवेक आहे, आणि विवेकाशिवाय धैर्यास किंमत नाहीं. मार्गदर्शक सांगतो कीं मोकळे केस बांधा. हात कप्पीपुढें तारेवर ठेवूं नका. वजन खरें सांगा. शेवटच्या सूचनेस मुलें हंसतात. परंतु फार हलका मनुष्य वाऱ्यानें मधेंच थांबतो व त्यास ओढून आणावें लागतें, आणि भारी मनुष्य अधिक वेगानें पलीकडे आदळण्याचा संभव असतो. ज्यास या सूचना कंटाळवाण्या वाटतात तो शूर नसून उतावळा आहे, असें खुशाल समजावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यत्वें लिहिला, ती सांगतों. तारेच्या मंचावर चढून, खालीं पाहून, "मला जावयाचें नाहीं," असें म्हणणारें एखादें मूल प्रत्येक टोळींत असतें. मग काय होतें? मित्र टाळ्या पिटतात, कोणी भित्रा म्हणतो, कोणी मोबाइल पुढें करून त्याचें रडवें तोंड टिपून घेतो, आणि तें चित्र संध्याकाळपर्यंत साऱ्या वर्गांत फिरतें. कधीं कधीं वडील मंडळीही "मर्द आहेस ना?" म्हणून त्यास ढकलावयास पाहतात. आम्हांस विचाराल तर दहा सोबत्यांच्या देखत, त्यांची थट्टा होणार हें ठाऊक असून, जिना उतरून खालीं येणाऱ्या मुलास तारेवरून जाणाऱ्याहून अधिक धैर्य लागतें. आज जें मूल खेळास नाहीं म्हणूं शकत नाहीं, तें उद्यां सिगारेटला, नकलेला, वाईट संगतीला नाहीं कसें म्हणणार? टोळीच्या भयानें घेतलेली उडी ही उडी टाळण्याइतकीच भीतीची संतति आहे. म्हणून सहलीपूर्वीं शिक्षकांनीं स्पष्ट सांगावें, कीं मंचावरून परत येण्याचा हक्क प्रत्येकास आहे, व त्याचें कारण कोणी कोणास विचारावयाचें नाहीं.

आणखी एक गोष्ट बोलावयास अवघड, पण टाळणें बरें नव्हे. या खेळाची फी सहलीच्या वर्गणीहून वेगळी पडते. ज्या वर्गांत दुकानदाराचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बांकावर बसतात, तेथें निम्मीं मुलें तारेवर व निम्मीं खालीं उभीं, असा देखावा होऊं देणें शाळेस शोभत नाहीं. खालीं उभें असलेलें मूल "मला भीति वाटते" असें सांगतें. खरें कारण तें घरीं देखील बोलत नाहीं. एक तर सर्वांची सोय आधीं गुपचूप व्हावी, नाहीं तर साऱ्या वर्गास परवडेल असा बेत निवडावा. सह्याद्रीच्या एखाद्या गडावर पहाटे चढून जाण्यास पायांतलें बळ लागतें, तारेची फी लागत नाहीं. आणि घाट चढतांना दमलेल्या सोबत्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेण्याची जी संधि मिळते, ती तारेवर कोणास मिळावी?

सुज्ञ पालकांस आमची विनंति एवढीच, कीं पत्रकावर सही करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. साधनांची तपासणी कोण करतो, व तिची नोंद पाहावयास मिळते काय? प्रत्येक मुलाचा पट्टा मार्गदर्शक स्वतः बांधतो काय, आणि दुसरा कोणी तो पुन्हां पाहतो काय? माझ्या मुलानें आयत्या वेळीं नको म्हटलें तर त्याचें काय होईल? आणि फीमुळें कोणी मूल मागें राहणार आहे काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें चालकांकडून घ्यावीं, पुढल्या दोहोंचीं शाळेकडून. चारही समाधानकारक मिळालीं तर निःशंक मनानें सही करावी. एकही धड न मिळालें तर मुलाच्या रुसव्यास न भितां ती नाकारावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमची पाळी येईल तेव्हां मंचावर उभे राहून आधीं तारेकडे नीट पाहा, मार्गदर्शकाचें बोलणें शेवटपर्यंत ऐका, आणि मग जावयाचें तर हंसतमुखानें जा. पलीकडे पोंचल्यावर पट्टा सोडणाऱ्या माणसाचे आभार माना. नंतर मागें वळून, जो अजून त्या तीरावर आहे अथवा जिना उतरून गेला आहे, त्याच्याविषयीं एकही हलका शब्द तोंडांतून काढूं नका. एवढें साधलें, तर तुम्हांस तारेवर पाठविण्यांत तुमच्या वडिलांचे पैसे वांया गेले नाहींत, असें आम्ही समजूं.