उजेड हातांवर हवा

गणेशोत्सवात किंवा कोजागिरीच्या रात्री एखाद्या गृहसंस्थेच्या आवारात पाचसहा जणांचा वाद्यवृंद व्यासपीठावर येतो, तेव्हा ध्वनिक्षेपकांचे भाडे, मंडपाची झालर आणि पाहुण्यांचे शाल-श्रीफळ यांची तजवीज अंदाजपत्रकात केव्हाच झालेली असते. दिव्यांचे कलम मात्र अखेरीस येते, आणि उरल्या रकमेत जितका झगमगाट पदरात पडेल तितका पाडून घ्यावा, असा शिरस्ता होऊन बसला आहे. मग फिरते झोत श्रोत्यांच्याच डोळ्यांत शिरतात, पडद्यावर रंगांची रांगोळी उमटते, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला ती गायिका काळ्या छायेसारखी उभी असते.

लहान मैफलीत संगीत डोळ्यांनीही ऐकले जाते. ढोलकीवर पडणारी बोटे, ऑक्टोपॅडवर उतरणारी काठी, ध्रुवपदाकडे वळताना गायिकेने कीबोर्डवाल्याला केलेली खूण हे ज्याला दिसते, त्याला तो तो स्वर गर्दीतून वेगळा काढता येतो. म्हणून चेहरे आणि हात उजळणे हे प्रकाशयोजनेचे आद्य कर्तव्य असून शोभेचा क्रम त्यानंतरचा होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कर्तव्य बजावण्यास फार साहित्य लागत नाही. येल विद्यापीठातील अध्यापक स्टॅन्ले मॅककँडलेस यांनी १९३२ साली ग्रंथबद्ध केलेली पद्धती आजही प्रमाण मानावी अशी आहे: कलावंताच्या समोरून, डावीकडे आणि उजवीकडे सुमारे पंचेचाळीस अंशांवर आणि तितक्याच उंचीच्या कोनात, एक उबदार व एक शीतल छटेचा असे दोन दिवे. दिवा डोळ्यांच्या रेषेपेक्षा जितका उंच, अदमासे तितकाच तो माणसापासून दूर ठेवला, म्हणजे उंचीचा कोन आपोआप साधतो. तो फार खाली आला तर गाणाऱ्याचे डोळे दिपतात आणि पडद्यावर राक्षसी सावल्या नाचतात. अगदी डोक्यावर नेला तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. मागून, वरून एखादा निळा दिवा सोडला की खांदे व केस पडद्यापासून सुटून दिसतात, आणि रंगाची हौस तेथे खुशाल भागवावी. चेहऱ्यावर हिरवा उजेड टाकण्यास मात्र सक्त मनाई हवी, कारण आपल्या सावळ्या कांतीवर तो आजारीपणाची कळा आणतो. आणि निव्वळ तांबड्या प्रकाशात वहीतली लाल शाईची टिपणे कागदात विरून जातात, हे वादकाला नेमके अंतऱ्याच्या तोंडावर उमगते.

विजेचा हिशेबही दिव्यांच्या निवडीआधी मांडावा. जुन्या पद्धतीचे हजार वॅटांचे चार पार दिवे म्हणजे चार हजार वॅट; दोनशे तीस व्होल्टांवर पंधरा अँपिअरचे एक सॉकेट साडेतीन हजारांहूनही थोडे कमीच पेलते. त्याऐवजी शेदीडशे वॅटांचे चार एलईडी पार घेतले, तर सहाशेत काम भागते आणि उष्म्याने तबल्याचा स्वर चढण्याची धास्तीही उरत नाही. जुने डिमर ध्वनियंत्रणेच्याच वाहिनीवर जोडले, तर दिवे मंद होताच गिटारच्या ध्वनिवर्धकातून गुणगुण उमटू लागते. सबब दोहोंचा वीजपुरवठा स्वतंत्र असावा.

उत्सव मंडळांच्या कार्यवाहांना माझी एवढीच दरखास्त आहे: सायंकाळी दारे उघडण्यापूर्वी दिवेवाल्याला पाच मिनिटे गायिकेच्या जागी उभे करावे, आणि गायिकेला शेवटच्या रांगेत बसवावे. त्याचे डोळे दिपले, किंवा तिला तेथून ढोलकीवाल्याची बोटे दिसली नाहीत, तर फिरते झोत परत पाठवून त्या भाड्यात दोन उंच स्टँड मागवावेत.