कुकडीकाठचे प्रश्न आणि तंत्रज्ञानाची विद्यापीठे

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव आहे. उसाचे मळे, कांद्याच्या चाळी, टोमॅटोची लागवड, असे या परिसरातील कोणत्याही गावासारखेच त्याचे रूप. मात्र येथील नदीकाठच्या गाळात राखेचा एक थर आहे. ही राख सह्याद्रीतील नव्हे. येथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून ती उडाली आणि वाऱ्यावर वाहत कुकडीच्या खोऱ्यात येऊन पडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात या थराचा आणि त्याच्या सान्निध्यात सापडणाऱ्या अश्मयुगीन दगडी हत्यारांचा अभ्यास केला. डॉ. शरद राजगुरू आणि त्यांचे सहकारी या खोऱ्यात पायी हिंडले. पुढे राखेच्या वयावरून मोठा वाद झाला. एका मोजणीने ते सुमारे १४ लाख वर्षे ठरले, १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने ६ लाख ७० हजार वर्षे, तर काही भूशास्त्रज्ञांच्या मते ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातील आहे. हत्यारे घडविणारा माणूस येथे केव्हा वावरत होता, हे त्या उत्तरावर अवलंबून असल्याने जगभरच्या प्रयोगशाळांत बोरीचे नाव पोहोचले.

याच बोरीपासून काही किलोमीटरवर खोडद आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, तेथे उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पाश्चात्त्य पद्धतीने एवढ्या तबकड्या बांधायच्या म्हटल्या असत्या, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूप आणि त्यांच्या अभियंत्यांनी भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी दोरांच्या साह्याने ताणून बसविली. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना एक-दोन सेंटीमीटरच्या छिद्रांची जाळी अखंड आरशासारखीच असते आणि वारा मात्र तीतून आरपार जातो. त्यामुळे सारा सांगाडाच हलका करता आला. जगातील खगोलशास्त्रज्ञ आज येथे निरीक्षणासाठी वेळ मागतात. स्वदेशी या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची वेळ येते, तेव्हा प्रस्तुत लेखक या जाळीचेच उदाहरण देतो.

एकाच खोऱ्यात ज्ञानाचे असे दोन प्रवाह येऊन मिळालेले आहेत. मग त्या खोऱ्याचे स्वतःचे प्रश्न कोणाच्या अभ्यासाचा विषय आहेत, असा प्रश्न मनात येतो. तो डेक्कन कॉलेजला किंवा जीएमआरटीला विचारणे अन्यायाचे होईल, कारण त्यांचे कार्य वेगळे आहे. तो विचारायला हवा आपल्या तंत्रज्ञान विद्यापीठांना. महाराष्ट्रात त्यांची वाण नाही. लोणेरे येथे १९८९पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. १८५४मध्ये सुरू झालेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. या संस्थांतून दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प किती होत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

यांतील किती प्रकल्प खरे असतात? काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. जमिनीतील ओलावा मोजून पंप आपोआप सुरू करणारे यंत्र एकाच दिवशी तीन गटांनी दाखविले. तिन्हींच्या मांडणीत तारांचे रंगसुद्धा तेच होते. "हे कोणाच्या शेतात लावून पाहिले?" असे विचारल्यावर विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. नंतर कळले की, असे प्रकल्प अहवालासह तयार विकत मिळतात. विद्यार्थ्यांवर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्यांना शेत दाखविलेच कोणी नव्हते. घरी विचारणा होती ती वार्षिक पगाराच्या आकड्याची. ती विचारणारे आपणच असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

याच्या उलट उदाहरणे नाहीत असे नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने अवकाशात नेला. वजन जेमतेम एक किलो. अवकाशात दिशा राखण्यासाठी त्यात वीज खर्च होत नाही. आतील चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळून घेतात. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रह गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे उद्दिष्ट होते. आरंभापासून उड्डाणापर्यंत 'स्वयम्'ला आठ वर्षे लागली आणि 'प्रथम'ला नऊ. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली रेघ ओढली, ते उड्डाणापूर्वी केव्हाच महाविद्यालय सोडून गेले होते. एका तुकडीने वही दुसरीच्या हाती दिली, चुका समजावल्या आणि काम पुढे गेले. आपल्या शिक्षणपद्धतीत अभावानेच आढळणारी ही गोष्ट आहे.

उपग्रहासाठी जे साधले, ते गावासाठी का साधू नये? मुंबई आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' हे केंद्र १९८५पासून आहे आणि तेथील विद्यार्थी गावात जाऊन पाणीयोजनांचा अभ्यास करतात. त्याच विचारातून २०१६मध्ये 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू झाले. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत, ही त्यामागील कल्पना होती. शासनाने २०१८मध्ये सुरू केलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आयआयटीच्या साह्यानेच बसविली गेली. ग्रामोदयासाठी चित्रकूटला विद्यापीठ उभे करणाऱ्या नानाजींचे नाव त्या कामाला लाभले, हे उचितच झाले. परंतु कुकडीचे खोरे त्या प्रकल्पात येत नाही.

या खोऱ्यात प्रश्नांची कमतरता नाही. बिबट्याचेच पाहा. जुन्नर वनविभागातील चारही तालुक्यांत, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरमध्ये, उसात बिबटे वाढले आणि माणसे बळी पडली. शेतकरी रात्री उसात का जातो? कृषिपंपाला वीज रात्रीची मिळते म्हणून. सौर कृषिवाहिनीची योजना २०१७पासून आहे आणि ती पुढे सरकतेही आहे. पण कोणत्या वाहिनीवर कोणत्या वेळी किती दाबाची वीज येते, कोणाला अजूनही रात्रीच मोटर चालू करावी लागते, याची नोंद गावाकडे असते का? विद्युत शाखेच्या चार विद्यार्थ्यांनी वर्षभर ठेवण्याजोगी ही वही आहे. कांद्याच्या चाळीत कोणत्या थरात ओलावा साठतो आणि सड कोठून सुरू होते, हेही असेच मोजण्याचे काम आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा कुकडी प्रकल्प असूनही आवर्तनाच्या तारखेवरून दरवर्षी तंटे होतात, त्यांच्या मुळाशीही मोजणीचाच अभाव असतो.

आणि आता रेल्वेचा प्रश्न. पुणे-नाशिक मार्ग नारायणगाव परिसरातून न नेता जीएमआरटीमुळे अन्य बाजूने वळविण्याचा निर्णय रेल्वे मंत्रालयाने २०२५मध्ये जाहीर केला. जुन्नर आणि आंबेगावच्या लोकांत त्यामुळे नाराजी पसरली. दुर्बीण अमूल्य आहे आणि तिला बाधा येता कामा नये, याविषयी दुमत नसावे. विजेच्या तारेला घासत जाणाऱ्या गाडीतून ठिणग्या उडतात व रेडिओलहरींचा गोंगाट होतो, हे खरेच आहे. पण किती अंतरावर किती गोंगाट, तो कोणत्या उपायाने किती घटतो, हे कोणी मराठीतून आकड्यांनिशी येथील ग्रामसभेत मांडले असते, तर निर्णय हाच राहिला तरी तो लादल्यासारखा वाटला नसता. विद्युतीकरण झालेल्या मार्गांच्या कडेने अशी मोजणी करणे तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवाक्यातले आहे. ज्या गावांनी दुर्बिणीला जागा दिली, त्यांच्या मुलांना ती आपली न वाटता अडसर वाटू लागली, तर नुकसान विज्ञानाचेही होईल.

दोष गावाकडेही आहे. विद्यार्थी पाहणीला आले की, "अनुदान कशाचे मिळणार?" हा आपला पहिला प्रश्न असतो. विहिरीची खोली विचारली की, कमी-अधिक सांगितली जाते. अशा उत्तरांवर कोणताही ताळेबंद उभा राहणार नाही.

म्हणून सूचना अशी की, प्रत्येक तंत्रज्ञान विद्यापीठाने एक खोरे किमान दहा वर्षांसाठी आपले मानावे. 'स्वयम्'प्रमाणे तुकडीमागून तुकडीने तेच काम पुढे न्यावे. अहवाल मराठीत लिहावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी. त्या अहवालावर गुण देताना परीक्षकाने गावातील एका जाणत्या शेतकऱ्याला शेजारी बसवावे. विद्वत्सभांना हे रुचणार नाही, पण निदान तारांचे रंग तरी तेच ते राहणार नाहीत.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते. आसपासच्या शाळांची मुले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपापली उपकरणे मांडतात. घरातील मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे आणि उपकरणामागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला, हे कोणाच्या शेतात लावून पाहिले, एवढे विचारावे. परतताना वाट थोडी वाकडी केली, तर बोरीच्या नदीकाठची राखही पाहून होईल.