पगारपत्रकातला देश

दिवाळीच्या महिनाभर आधी आपल्याकडे फराळाची पार्सलं निघतात. चकल्या मोडू नयेत म्हणून आई डब्यात कागद कोंबते आणि डबा दुबईला, न्यू जर्सीला रवाना होतो. फिलिपिन्सचं खोकं उलट्या दिशेनं प्रवास करतं. 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात त्याला. रियाधमधली नर्स, हाँगकाँगमधली घरकामगार बाई वर्षभर जमवलेले साबण, टॉवेल, डबाबंद मांस, मुलांचे बूट त्यात भरते आणि नाताळला घरी पोचावं म्हणून महिने-दोन महिने आधीच ते बोटीनं पाठवते. यंदाचा अंक स्थलांतरितांच्या श्रमांवर आहे. तो जुळवताना हे खोकं मनातून हलत नव्हतं.

ते भरणाऱ्या बाईचा पगार तिचा देश पाहून ठरतो. आखातातल्या इस्पितळांत काम तेच असूनही पाश्चात्त्य देशातून आलेल्या नर्सला एक पगार आणि मनिलाहून आलेलीला दुसरा, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. घरकामाचे दरही देशागणिक ठरतात. २००६ साली फिलिपिन्स सरकारनं परदेशी जाणाऱ्या आपल्या घरकामगारांसाठी महिना किमान ४०० डॉलरची अट घातली. अनेकींना तिकडे पोचल्यावर कमी पगाराच्या दुसऱ्याच करारावर सही करावी लागली. तरीही फिलिपिनो बाई महाग ठरली, आणि बांगलादेशी, आफ्रिकी बाई तिच्याहून स्वस्त. म्हणजे इस्पितळात जिचा देश खालच्या पायरीवर, त्याच देशाची बाई स्वयंपाकघरात वरच्या पायरीवर. बाबासाहेबांनी 'श्रेणीबद्ध विषमता' कशाला म्हटलं ते मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतं, म्हणून शिडी मोडायला सगळे एकत्र येत नाहीत. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक विशेष प्रतिवेदक कतारला गेल्या, तेव्हा त्यांनाही राष्ट्रीयत्वावर उभ्या राहिलेल्या या रचनेसाठी जातिव्यवस्थेचाच शब्द वापरावा लागला. २०२१ पासून कतारमध्ये सर्व देशांच्या कामगारांना, घरकामगारांसकट, १,००० रियालचं एकच किमान वेतन आहे. हे मोठं पाऊल आहे. पण किमानाच्या वरची शिडी त्यानं हटत नाही.

या भेदाचं समर्थन ठरलेलं असतं: त्यांच्या देशात एवढे पैसे पुष्कळ होतात. हे ऐकताना मला मनिलातला एक खटला आठवतो. तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत परदेशातून आणलेल्या शिक्षकांना स्थानिक शिक्षकांपेक्षा २५ टक्के जास्त पगार होता. कारण काय, तर ते घरदार सोडून आलेले. २००० साली फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयानं समान कामाला समान वेतन असं बजावून हा भेद रद्द केला. घर सोडलं म्हणून कोणाला जास्त द्यायचं, तर जेद्दाच्या नर्सनंही घर सोडलेलंच असतं. तिला मात्र त्याच घराची स्वस्ताई दाखवून कमी दिलं जातं. कारण उलटंसुलटं झालं तरी पगार फिलिपिनो माणसाचाच कमी होतो, याचा मला मनापासून संताप येतो.

आपल्याला हे परकं वाटू नये. ब्रिटिश बोटींवर डेकवर रत्नागिरीकडची आणि खानपान विभागात गोव्याची माणसं राबली; त्यांना 'लास्कर' म्हणत आणि गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा देत. ब्रिटनच्या १९७६ च्या वंशभेदविरोधी कायद्यानंही परदेशात भरती केलेल्या खलाशांना या बाबतीत संरक्षणाबाहेर ठेवलं. २०११ मध्ये नियम बदलले, तेव्हा युरोपातल्या आणि ठरावीक देशांतल्या खलाशांना पगारातल्या भेदापासून संरक्षण मिळालं. भारतीय आणि फिलिपिनो खलाशी बाहेरच राहिले.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा नाताळची ती खोकी समुद्रावर असतील. जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स आघाडीवर आहे. तेव्हा रियाधच्या बाईनं पाठवलेलं खोकं घेऊन जाणाऱ्या बोटीवर तिच्याच गावाकडचा कोणी पहाटेच्या पाळीवर उभा असेल, आणि त्याच्याही पगारपत्रकात हुद्द्याबरोबर देश मोजलेला असेल.