एका यंत्राचे चार नग

“एकाच वस्तूचा खर्च चार वेळा दाखवला आहे. खुलासा करावा.” गोरेगावातल्या एका प्रॉपर्टी, म्हणजे चित्रीकरणातल्या वस्तू बनवणाऱ्या कारागिराचे बिल हिशेब विभागाने हा शेरा मारून परत पाठवले. बिल ज्या वेबमालिकेचे, ती हेरगिरीची, मारधाडीला विनोदाची जोड दिलेली. शत्रूने पळवलेले एक यंत्र नायकाने परत मिळवायचे, एवढीच गोष्ट. यंत्र तळहातावर मावेल एवढे. कारागिराने त्याचे चार नग केले: क्लोजअपचा, मारामारीचा, पाण्यात पडण्याचा आणि शेवटी फुटण्याचा. चारही वापरले गेले आणि कंटिन्युइटीच्या फोटोंत चारही दिसतात. त्याने तसा खुलासा केला. त्यावर दुसरा शेरा आला, की चारही नग गोदामात जमा केल्याची पावती जोडावी. आता फुटण्याचा नग कॅमेऱ्यापुढे फुटलेला होता. हे कळवल्यावर तिसरा शेरा आला: अवशेष जमा करावेत.

ही हकीकत सांगणारे त्या कारागिराचे पत्र आम्ही वाचकांच्या पानावर छापणार होतो. पण गेल्या काही महिन्यांत याच तक्रारीची इतकी पत्रे साठली आहेत, की हा विषय त्या पानावर ढकलणे योग्य नव्हे. ओटीटीवर अशा हेरपटांची मागणी आहे आणि आपल्यातल्या अनेकांच्या हाताला त्यातून काम मिळते आहे. तेव्हा पळवलेल्या यंत्राचे नग किती, ते ठरवणार कोण आणि पैसे देणार कोण, याचा निकाल एकदा लागलाच पाहिजे.

हिशेब विभागासाठी एक जुना दाखला देतो. 1974 चा ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ हा रॉजर मूरचा बाँडपट. त्यात विनोद भरपूर आहे आणि गोष्ट चोरलेल्या यंत्राचीच आहे. 1973 च्या तेलटंचाईनंतरचा तो काळ. सूर्यप्रकाशापासून वीज करण्याची किल्ली असलेले ‘सोलेक्स अ‍ॅजिटेटर’ हे छोटे यंत्र हाँगकाँगमध्ये शास्त्रज्ञाचा खून करून पळवले जाते आणि बाँड ते थायलंडजवळच्या बेटावरून परत आणतो. खलनायकाचे सोनेरी पिस्तूल पेन, लायटर, सिगारेट केस आणि कफलिंक जोडून तयार होते. या पिस्तुलाचे तीन नग केले होते. एक अखंड, एक टिकली उडवणारा आणि एक जोडता-सोडता येणारा. पडद्यावर पिस्तूल एकच. प्रेक्षकाला ते एकच वाटावे यासाठी तीन करावे लागले. 2008 मध्ये इंग्लंडमधल्या एल्स्ट्री प्रॉप्सच्या साठ्यातून असे एक सोनेरी पिस्तूल चोरीला गेले, तेव्हा त्याची किंमत सुमारे 80,000 पौंड सांगितली गेली. जी वस्तू मुंबईत ‘जादा खर्च’ म्हणून बिलातून वगळली जाते, तिची तिकडे ही पत.

विनोदी मारधाडीत नग जास्त लागतात, कमी नव्हे. ‘कॉमेडीच तर आहे’ म्हणून आर्टचे बजेट कापणाऱ्या लाइन प्रोड्यूसरांना हे कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे. गंभीर हेरपटात यंत्र पेटीत असते, टेबलावर असते, फार तर एका हातातून दुसऱ्या हातात जाते. विनोदी हेरपटात ते निसटते, जिन्यावरून गडगडते, कोणीतरी त्यावर बसते, कोणीतरी ते दुसऱ्याच्या डोक्यात हाणते. त्यात विनोदाचे टायमिंग पहिल्या टेकला क्वचित जमते. प्रत्येक रिटेकला वस्तू त्याच उंचीवरून पुन्हा पडते. क्लोजअपचा अ‍ॅल्युमिनियमचा नग दोन रिटेकमध्ये कोपऱ्यावर चेपतो आणि दुसऱ्या दिवशीच्या इन्सर्टला तो चेप दिसतो. रबराचा नग टाकावा तर तो उसळतो आणि लबाडी उघडी पडते. म्हणून मारामारीचा नग बाहेरून मऊ आणि आत थोडे वजन बसवलेला करावा लागतो, म्हणजे तो हातात जड दिसतो आणि डोक्याला लागत नाही. मऊ नगावर साधा रंग दुमडताच तडकतो; लवचीक रंग मारला तर त्याची चमक धातूच्या चमकेशी जुळवावी लागते. पाण्याचा नग तरंगायचा की बुडायचा, हे दिग्दर्शकाकडून आधी वदवून घ्यावे लागते, कारण त्यावर आतली पोकळी ठरते. फुटणारा नग तर एक करून सहसा भागत नाही. तीन टेक धरले तर तीन नग. त्या कारागिराने चारच केले, म्हणजे त्याने काटकसरच केली होती.

वस्तू बदलली की हे गणित पुन्हा मांडावे लागते. ‘नाइट अँड डे’ या 2010 च्या चित्रपटात सगळे जण ‘झेफिर’ नावाच्या एका छोट्या बॅटरीच्या मागे धावतात. त्याचा हिंदी अवतार ‘बँग बँग’ 2014 मध्ये आला, तेव्हा बॅटरीच्या जागी कोहिनूर आला. कथालेखकाच्या दृष्टीने हा एका शब्दाचा बदल. प्रॉपर्टीवाल्याच्या दृष्टीने सगळेच बदलले. बॅटरीला आतून उजेड, वायर आणि तापल्याचा रंग हवा. हिऱ्याला पैलू, पारदर्शकपणा आणि कॅमेरामनच्या दिव्याखाली न मरणारे तेज हवे. असला बदल शूटिंगच्या आदल्या आठवड्यात कळवून जुन्याच दरात नवी वस्तू मागणारे लोक आपल्याला नवीन नाहीत.

या तक्रारीत पैशांपलीकडचा भागही आहे. नग कमी पडला की सेटवर कोणीतरी हाताला लागेल ती वस्तू उचलतो. विनोदी पडद्यावरचा सर्वांत कडू दाखला हॅरॉल्ड लॉइडचा. ऑगस्ट 1919 मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत जाहिरातीचा फोटो काढताना त्याच्या हातात एक खोटा बॉम्ब दिला गेला. त्याची वात पेटवून त्यावर सिगारेट शिलगवायची, असा विनोदी फोटो होता. तो बॉम्ब खोटा नव्हता. लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, काही काळ दिसेनासे झाले. 1923 च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये इमारतीवरच्या घड्याळाला लोंबकळणारा हात तोच, तुटलेली बोटे झाकायला त्याला खास हातमोजा घालावा लागे. खरा नग आणि खोटा नग एकाच ठिकाणी, एकसारखे, खुणेविना पडलेले होते. शंभर वर्षांनंतर आपल्या किती पेट्यांत यापेक्षा वेगळी स्थिती आहे?

सेटबाहेरही खूण लागते. एप्रिल 2006 मध्ये ‘मिशन: इम्पॉसिबल 3’च्या जाहिरातीसाठी लॉस एंजेलिस टाइम्सच्या हजारो वृत्तपत्र-पेट्यांत लाल प्लॅस्टिकचे छोटे खोके बसवले होते. दार उघडले की चित्रपटाची धून वाजावी, अशी कल्पना. काही खोके सुटून वर्तमानपत्रांवर पडले, वायरी दिसल्या, लोकांना तो बॉम्ब वाटला. सांता क्लॅरिटा येथे शेरीफच्या पथकाने एक पेटी उडवून दिली. कारण दोनच: फिटिंग कच्चे आणि वस्तू काय आहे हे सांगणारी चिठ्ठी नाही. आपल्याकडे मे 2019 मध्ये वसईत दहशतवाद्यांच्या वेशात फिरणाऱ्या दोघांना पोलिसांनी ताब्यात घेतले. ते एका हिंदी चित्रपटातले ज्युनियर आर्टिस्ट निघाले. स्थानिक पोलीस ठाण्याला एक पत्र द्यायला किती वेळ लागतो? वायरी, आकडे पळणारा डिस्प्ले आणि लाल दिवा असलेले यंत्र टेम्पोतून नेताना सोबत फोटो, निर्मिती संस्थेचे पत्र आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर असायलाच हवा. बाहेरगावी विमानाने जायचे असेल तर आधीच विचार करा. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातच न्यावी लागते. बॉम्बसारखे दिसणारे खोके हातात नेऊ देत नाहीत. म्हणून बॅटरी सहज काढता येईल असेच यंत्र बनवा आणि खोके मालवाहतुकीने आधी पाठवा. विमानतळावर अडकलेला कारागीर आणि त्याच्यासाठी खोळंबलेले युनिट, हा खर्च कोणत्याही हिशेब विभागाला एका जादा नगापेक्षा महाग पडतो.

आता आपल्याच लोकांबद्दल. शेरे मारणाऱ्यांवर राग काढणे सोपे आहे. पण त्यांना संधी देणारे आपल्यातच आहेत. अंदाजपत्रकात ‘यंत्र – 1, लमसम’ एवढेच लिहून देणारे आपल्या संघटनेचे सभासद आम्हाला माहीत आहेत. काम हातचे जाईल या भीतीने एकाच नगाचा दर सांगायचा, पुढे सेटवर चार नग करून द्यायचे आणि मग बिलात चारांचे पैसे मागायचे, ही पद्धत स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्याची आहे. हिशेबनीसाने सीनवार ब्रेकडाउन वाचलेले नसते, त्याच्यासमोर फक्त कागद असतो. कागदावर एक लिहून चारचे पैसे मागितले तर तो शेरा मारणारच. काही जण तर क्लोजअपचा धातूचा नगच फाइट मास्टरच्या हातात देतात आणि ‘चालवून घ्या’ म्हणतात. असे चालवून घेणाऱ्याला या धंद्यात राहण्याचा हक्क नाही.

दोन माणसांचे काम एकाच्या गळ्यात घालण्यालाही नकार द्या. 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’च्या सेटवर खरी गोळी सुटून छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्या सेटवर शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीकडे प्रॉपर्टी सहायकाचेही काम दिलेले होते. तिथल्या कामगार सुरक्षा विभागाने निर्मिती संस्थेला 1,36,793 डॉलर दंड ठोठावला. तडजोडीत तो 1,00,000 वर आला. तुरुंगवास झाला तो मात्र त्या तरुणीला, 18 महिन्यांचा. मनुष्यबळ वाचवणारे दंड भरून सुटतात. तुरुंगात जातो तो सही करणारा कारागीर. हे ध्यानात ठेवूनच कामाच्या कागदावर सही करा.

पैसे अडकण्यावर कायद्याने उपाय दिलेला आहे, आणि तो न वापरणाऱ्यांविषयी आम्हाला सहानुभूती वाटेनाशी झाली आहे. बिल फाडले की जीएसटी भरावा लागतो, पैसे तिकडून येवोत न येवोत. मग निदान वसुलीचा हक्क तरी घ्या. वस्तू तयार करणारा सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करा. तिला एक पैसाही लागत नाही. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. ‘नव्वद दिवसांनी चेक’ ही आपल्या धंद्यातली रूढी आहे, कायदा नव्हे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. माल हाती पडल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. दोन महिन्यांनी ‘खुलासा करावा’ लिहिणाऱ्या विभागाला हे कलम दाखवा. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च निर्मिती संस्थेला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात वजा करता येतो. 1 एप्रिल 2024 पासून ही तरतूद लागू आहे. हे त्यांच्या सीएला पक्के माहीत असते. तुम्हालाही माहीत आहे, हे त्याला कळू द्या.

आणि अंदाजपत्रक नीट लिहा. प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक, वेगळे वर्णन, कोणत्या सीनसाठी, कोणत्या साहित्याचा, किती टेकसाठी, वापरल्यावर शिल्लक राहणार की नष्ट होणार, हे सगळे कागदावर येऊ द्या. त्यावर आर्ट डायरेक्टर आणि फाइट मास्टर या दोघांची सही घ्या. नष्ट झालेल्या नगाची नोंद त्याच दिवशी सेटवर फोटोसह करा आणि असिस्टंट डायरेक्टरची सही घ्या, म्हणजे अवशेष मागण्याची वेळ कोणावर येणार नाही. नगावरही तोच क्रमांक टाका, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला. मारामारीचा नग आणि क्लोजअपचा नग वेगवेगळ्या पेट्यांत ठेवा, पेट्यांचे रंगही वेगळे ठेवा.

हे कलाकुसर नसलेले, कंटाळवाणे काम आहे, याची आम्हाला कल्पना आहे. दिवसभर मोल्ड ओतणाऱ्या माणसाला रात्री तक्ते भरायला लावणे बरे वाटत नाही. पण कारागिराच्या बिलावर ‘अवशेष जमा करावेत’ असा शेरा पडतो, तेव्हा त्या शेऱ्याला उत्तर देणारा कागद त्याच्याजवळ असला पाहिजे, आणि तो कागद दुसरे कोणी तयार करून देणार नाही. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनीही आता पुढच्या बैठकीपर्यंत थांबू नये. नगवार अंदाजपत्रकाशिवाय काम नाही, असा ठराव करून तो सगळ्या निर्मिती संस्थांना पाठवावा. इतकी वर्षे चर्चा झाली, ती पुरे.

ज्यांची बिले शेऱ्यासह परत आली आहेत त्यांनी त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. पाठवणाऱ्याचे नाव छापले जाणार नाही. पुढच्या अंकात नगवार अंदाजपत्रकाचा छापील नमुना देत आहोत. तो हाती येईपर्यंत, नगांची संख्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय कोणीही अ‍ॅडव्हान्सला हात लावू नये.